बँकेच्या लिलावातलं घर: बोली लावण्याआधी काय तपासायचं, नंतर काय अडतं

बँकेच्या लिलावात घर स्वस्त मिळतं हे खरं. पण ही सूट बँक दिलदारपणे देत नाही. घरात कोण राहतंय, सोसायटीचं किती थकलंय, कर्जदार न्यायाधिकरणात गेलाय का, छत गळतंय का, ही सगळी जबाबदारी बँकेने आधीच झटकलेली असते आणि ती खरेदीदाराने उचलायची असते. सूट ही त्या उचलण्याची मजुरी आहे. ती पुरेशी आहे का, हे बोलीआधी कळायला हवं. बोली मंजूर झाल्यावर मागे फिरायचं म्हटलं तर किमतीचा पाव हिस्सा बुडतो.

इथे महाराष्ट्रातल्या राहत्या फ्लॅटचाच विचार केला आहे. शेतजमीन, कारखाना, दुकानगाळा यांचे प्रश्न वेगळे आहेत.

लिलाव कोणत्या कायद्याखाली आहे?

पेपरातल्या जाहिराती वरवर एकसारख्या दिसतात, पण त्यामागचे कायदे वेगळे असतात आणि त्यानुसार पैसे भरायच्या मुदती बदलतात.

सर्वांत जास्त लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकायची मुभा देणाऱ्या कायद्याखाली. सरकारी आणि खाजगी बँका, गृहकर्ज कंपन्या आणि सहकारी बँकाही तो वापरतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० ला तो मिटवला.

पतसंस्थांचा मार्ग वेगळा. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात आणि सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे लिलाव करतात. तिथे बोली संपताच १५ टक्के रक्कम जागेवर भरायची आणि उरलेली १५ दिवसांत. त्यातही एक मेख आहे. विक्रीपासून ३० दिवसांत कर्जदाराने थकबाकी आणि वर खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द करून घेता येते. म्हणजे पैसे भरूनही महिनाभर काही तुमचं नसतं. तिसरा प्रकार कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या, म्हणजे डीआरटीच्या, वसुली अधिकाऱ्याने केलेल्या लिलावाचा. तिथेही ३० दिवस गेल्याशिवाय विक्री कायम होत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः सरफेसी लिलावाबद्दल आहे.

नोटीस कशी वाचायची

सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट या पोर्टलवर एकत्र दिसतात. खाजगी आणि सहकारी बँका आपापल्या सेवादार कंपन्यांच्या पोर्टलवर लिलाव ठेवतात. पण पोर्टलवरच्या दोन ओळींवर जाऊ नका. मूळ विक्री नोटीस उतरवून घ्या आणि सोबतचं निविदा पत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा. अटी तिथे असतात.

नोटिशीत तुम्हाला ‘जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे’ अशी भाषा दिसेल. ही सगळ्याच नोटिशींत असते, त्यामुळे तिला घाबरायचं कारण नाही. खरी माहिती इतर चार ठिकाणी असते: ताब्याचा प्रकार, बँकेला माहीत असलेले बोजे, कलम १३(२) च्या मागणी नोटिशीची तारीख आणि लिलाव कितव्यांदा होतोय. बोज्यांच्या रकान्यात ‘माहिती नाही’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बोजा नाही असा अर्थ काढू नका. बँकेने शोधलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

तारखांचा हिशेब स्वतः करा. कर्ज ९० दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं. मग मागणी नोटीस जाते आणि कर्जदाराला ६० दिवस मिळतात. त्यानंतर ताबा नोटीस दारावर लागते आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. विक्रीआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पहिला लिलाव फसून पुन्हा ठेवला असेल तर १५ दिवस पुरतात. यातली एखादी पायरी बँकेने घाईत उरकली असेल, तर कर्जदाराच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. नोटीस २७ दिवसांचीच भरली, एवढ्या कारणावरूनही विक्री अडचणीत येऊ शकते. चूक बँकेची असते, पण पैसे तुमचे अडकतात. म्हणून या सगळ्या नोटिशींच्या प्रती प्राधिकृत अधिकाऱ्याकडे, म्हणजे बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

एखादा फ्लॅट तिसऱ्या-चौथ्यांदा लिलावात आलेला असतो आणि राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान किंमत, दरवेळी उतरत गेलेली असते. त्यात संधी असू शकते. पण चांगल्या वस्तीतला, चांगल्या मजल्यावरचा फ्लॅट कोणी का घेत नाही, याचं उत्तर मिळेपर्यंत अनामत भरू नका. बहुतेक वेळा उत्तर आत राहणाऱ्या माणसाशी किंवा चालू दाव्याशी येऊन थांबतं.

ताबा: सगळी डोकेदुखी इथून सुरू होते

बँकेचा ताबा दोन प्रकारचा असतो. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, झालं. आत कर्जदाराचं कुटुंब तसंच राहत असतं, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामं, बँकेचं कुलूप आणि सील. नवख्या माणसाने प्रत्यक्ष ताब्यातलाच फ्लॅट घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सांकेतिक ताब्यातला फ्लॅट राहायला घर हवंय म्हणून घेऊ नये. ज्याला दोन-तीन वर्षं थांबणं परवडतं, त्याचं ते काम आहे.

सांकेतिक ताब्याचा प्रत्यक्ष ताबा करायचा तर बँकेला कलम १४ खाली अर्ज करावा लागतो, मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. कायद्यात ३० दिवसांत आदेश व्हावा असं म्हटलंय, कारणं नोंदवून ६० दिवसांपर्यंत. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, आदेश झाला तरी तहसीलदाराला वेळ मिळत नाही, मिळाला तर पोलीस बंदोबस्त मिळत नाही. गणपती, निवडणूक, परीक्षा, अधिवेशन, बंदोबस्त न मिळण्याला कारणांची वाण नसते. मोठ्या शहरांत न्यायालय वकील आयुक्त नेमून हे काम करून घेतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एनकेजीएसबी बँकेच्या प्रकरणात त्याला मान्यता दिली, तेव्हापासून थोडा फरक पडलाय.

आत भाडेकरू असेल तर गुंता वाढतो. तारण ठेवण्याच्या आधीपासूनची खरा भाडेकरार असेल, तर भाडेकरूला संरक्षण मिळू शकतं. नोटीस आल्यावर घाईने उभा केलेला ‘भाडेकरू’ वेगळा, पण तोही अर्ज करून वेळ काढतोच. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला आहे का, कोणत्या तारखेचा आहे, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधा. महाराष्ट्रात असा करार नोंदवणं बंधनकारक आहे, त्यामुळे बिननोंदणीचा कागद पुढे आला की त्याचं वजन कमी असतं.

पाहणीचा दिवस नोटिशीत दिलेला असतो. त्या दिवशी जाच, पण एकदा दिवे लागायच्या वेळेलाही आवारात चक्कर मारा. वीजमीटर फिरतोय का, तो कोणाच्या नावावर आहे, टपालपेटीवर कोणाचं नाव आहे, दाराबाहेर चपला आहेत का, ते बघा. वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त माहिती असते. फ्लॅट उघडून दाखवला तर टेपने चटई क्षेत्र मोजा. नोटिशीतला आकडा बांधीव असतो की चटई, याचा नेम नसतो. दोन शेजारचे फ्लॅट भिंत पाडून एक केलेले असतात आणि तारण त्यातल्या एकाचंच असतं, हाही प्रकार होतो. अशा वेळी स्वयंपाकघर तुमच्या वाट्याला येतं आणि बेडरूम दुसऱ्याच्या. मंजूर नकाशा आणि करारातला नकाशा सोबत असला की हे जागेवरच कळतं.

कागद आणि थकबाकी

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या, सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी उताऱ्याच्या, प्रती काढा. बिल्डरपासूनच्या करारांची साखळी तुटलेली नाही ना, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, शेअर सर्टिफिकेट कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. सरसाई या केंद्रीय नोंदवहीत त्या मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचं तारण दिसतंय का, ते किरकोळ शुल्क भरून कोणालाही पाहता येतं. एकाच फ्लॅटवर दोन संस्थांचं कर्ज असल्याची प्रकरणं नवी नाहीत.

डीआरटीच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार, तिन्ही नावं टाकून बघा, आडनावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगसह. कलम १७ खाली कर्जदाराला बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत अर्ज करता येतो. अर्ज प्रलंबित आहे म्हणून लिलाव थांबतोच असं नाही. स्थगिती आहे का, हा खरा प्रश्न. स्थगिती नसेल तरी ‘विक्री अर्जाच्या निकालाच्या अधीन’ असा आदेश असू शकतो. तो असला की पुढचं गृहकर्ज मिळणं आणि घर विकणं, दोन्ही अवघड.

धंद्याच्या कर्जासाठी तारण ठेवलेला फ्लॅट असेल तर विक्रीकर किंवा जीएसटी खात्याचा बोजा असू शकतो. सरसाईत नोंद असलेल्या बँकेचा हक्क सरकारी कराच्या आधी येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं. पण निकाल आपल्या बाजूने असणं वेगळं आणि खात्याने बोजा प्रत्यक्ष उठवणं वेगळं. त्या पत्रासाठी खेटे घालायची तयारी हवी.

आता रोजच्या थकबाक्या. कर्जाचे हप्ते थकवणारा माणूस सोसायटीचा मेंटेनन्स नियमित भरत असेल, असं समजू नका. सोसायटीच्या येणे रकमेचा फ्लॅटवर बोजा असतो आणि त्यावर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावलेलं दिसतं. सेक्रेटरीकडून मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारं पत्र घ्या. तोंडी आकडा बोलीनंतर वाढतो. मालमत्ता कर महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून दिसतो. त्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत असते. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते असं म्हटलंय. महाराष्ट्रात मात्र नियामक आयोगाच्या संहितेने ती सहा महिन्यांपुरती मर्यादित केली आहे. वीज कार्यालयात पूर्ण थकबाकी मागितली तर या तरतुदीचा आधार घेऊन लेखी अर्ज द्या.

फ्लॅट सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल, म्हाडाचा असेल, झोपडपट्टी पुनर्वसनातला असेल किंवा इमारत वर्ग-२ च्या, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न होणाऱ्या, सरकारी जमिनीवर असेल, तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क वेगळं. ही रक्कम मोठी असू शकते आणि ती कोणी भरायची, हे निविदा पत्रकात बहुधा ‘खरेदीदार’ असंच लिहिलेलं असतं. पुनर्वसनातल्या सदनिकेवर विक्रीबंदीची मुदत चालू आहे का, तेही तपासा.

एवढं झाल्यावर प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. विचारायचं ते असं:

– ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक. सांकेतिक असेल तर कलम १४ चा अर्ज केव्हा केला, क्रमांक काय, पुढची तारीख कोणती
– डीआरटीत, उच्च न्यायालयात, सहकार न्यायालयात काही प्रलंबित आहे का
– सोसायटी, कर, वीज यांची थकबाकी विक्रीच्या रकमेतून जाणार की खरेदीदाराने भरायची
– विक्री रद्द झाली तर रक्कम व्याजासह परत मिळणार का
– कोणकोणते मूळ कागद हातात देणार

शेवटच्या प्रश्नाला ‘जे असतील ते’ असं उत्तर आलं तर यादी मागा.

पैशांचं वेळापत्रक

अनामत सहसा राखीव किमतीच्या १० टक्के असते आणि लिलावाआधी जमा करावी लागते. बोली तुमची ठरली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बोलीच्या २५ टक्के पूर्ण करायचे. अनामत त्यात धरली जाते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तर जास्तीत जास्त तीन महिने, पण ती मागितली की मिळेलच असं नाही.

पुण्यातल्या एका काल्पनिक फ्लॅटचा हिशेब मांडू. राखीव किंमत ४८ लाख, अनामत ४ लाख ८० हजार. बोली ५४ लाखांवर थांबली. पाव हिस्सा होतो १३ लाख ५० हजार, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी ८ लाख ७० हजार. पंधरा दिवसांत ४० लाख ५० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने एक टक्का टीडीएस, ५४ हजार, कापून सरकारकडे भरायचा. तो वेगळा खर्च नव्हे, किमतीतूनच जातो. वर ७ टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख ७८ हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीची थकबाकी समजा १ लाख ६० हजार, मालमत्ता कर ६० हजार. एकूण ६० लाख २८ हजार.

त्याच इमारतीत तसाच फ्लॅट बाजारात ६२ लाखांना मिळतोय. त्यावरही शुल्क आणि नोंदणी लागणारच, म्हणजे तो पडला असता ६६ लाख ६४ हजारांना. फरक ६ लाख ३६ हजारांचा. ताबा लगेच मिळाला तर सौदा उत्तम. ताबा वर्षभर लांबला आणि तुम्ही दरमहा १८ हजार भाडं भरत राहिलात, तर २ लाख १६ हजार गेले. तीन वर्षं लांबला तर सूट संपून वर खिशातून गेले, डागडुजी आणि वकिलाची फी अजून धरलेलीच नाही. तुमच्या फ्लॅटचे आकडे घालून हाच हिशेब करा आणि कमाल बोली कागदावर लिहून ठेवा.

कर्ज काढणार असाल तर मंजुरीपत्र लिलावाआधी हातात हवं. १५ दिवसांत नवं गृहकर्ज मंजूर होऊन वितरित होणं म्हणजे नशीबच. सांकेतिक ताब्यातल्या फ्लॅटला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. कधी कधी लिलाव करणारी बँकच कर्ज द्यायला तयार असते. शाखेत विचारा, पण अधिकाऱ्याच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

कारण रक्कम मुदतीत भरली नाही तर २५ टक्के जप्त होतात. नियमच आहे तसा. २ फेब्रुवारी २०२४ ला सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या खरेदीदाराचे तीन कोटींहून जास्त गेले, आणि बँकेने पुढे तीच मालमत्ता अधिक किमतीला विकली होती तरी ते परत मिळाले नाहीत.

बोलीचा दिवस

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोर्टलवरची केवायसी आठवडाभर आधी पूर्ण करा, अनामत शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वॉलेटमध्ये रक्कम दिसायला वेळ लागतो. डिजिटल सही लागत असेल तर ती चालतेय का ते आधी बघा. एकटेच बोली लावणारे असाल तरी बहुतेक ठिकाणी राखीव किमतीपेक्षा एक टप्पा वर बोलावं लागतं. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाची चलाखी इथे चालत नाही.

ऐन सकाळी लिलाव तहकूब होणं नेहमीचंच आहे. कर्जदाराने स्थगिती आणलेली असते किंवा काही पैसे भरलेले असतात. अनामत परत मिळते, बिनव्याजी, काही दिवसांनी. चिडून उपयोग नसतो. पण लिलाव पार पडल्यावर कर्जदार पैसे घेऊन आला तर? कायद्यातल्या बदलानंतर आणि सप्टेंबर २०२३ च्या बाफना मोटर्स प्रकरणातल्या निकालानंतर चित्र बरंच स्पष्ट झालंय. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला मालमत्ता सोडवून घेता येते. त्या प्रकरणात बँकेने लिलावानंतर कर्जदाराचे पैसे स्वीकारायचं ठरवलं होतं, आणि न्यायालयाने खरेदीदाराचा हक्क राखला. बँकेत कोणी ‘ते सेटल करतायत, तुम्ही पैसे परत घ्या’ म्हणालं, तर लगेच होकार देऊ नका.

पैसे भरल्यानंतर

पूर्ण रक्कम भरली की बँक विक्री प्रमाणपत्र देते. मसुदा आधी मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर तपासा: नावं आधारप्रमाणे, फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, पार्किंग, सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा. पार्किंग राहून जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर दुरुस्तीपत्रासाठी महिनोन् महिने जातात, कारण तोवर त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

टीडीएस भरताना विक्रेता म्हणून कोणाचा पॅन घालायचा, हे बँकेकडून लेखी घ्या. सहसा तो मालक असलेल्या कर्जदाराचा असतो. पॅन चालू आहे का, तेही विचारा. निष्क्रिय पॅनवर दर चढतो आणि नोटीस तुम्हाला येते. पैसे दिल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत कर जमा करायचा असतो.

मुद्रांक शुल्क कोणत्या रकमेवर, हा वादाचा मुद्दा होतो. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत बोलीपेक्षा जास्त असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती याचा अधिकृत निर्णय, करून घ्या, आणि तोवर जास्तीचा आकडा धरून पैसे बाजूला ठेवा. प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची आहे का यावर वकील तासभर बोलू शकतील. व्यवहाराच्या बाजूने सांगायचं तर नोंदणी करून घ्या. सोसायटी, पुढची बँक आणि पुढचा गिऱ्हाईक, तिघेही सूची क्रमांक दोन मागतातच. दस्त झाल्यापासून चार महिन्यांच्या आत निबंधकाकडे सादर करायचा असतो आणि बँकेच्या अधिकाऱ्यालाही तिथे यावं लागतं. त्याची तारीख मिळवणं हे एक स्वतंत्र काम समजा.

ताबा घेताना पंचनामा आणि सामानाची यादी यांच्याशिवाय किल्ली घेऊ नका. आत जुना सोफा, देव्हारा, कपाटात कागदपत्रं असं काहीबाही राहिलेलं असतं. ते फेकलं आणि कर्जदाराने दागिने होते म्हणून तक्रार केली, तर पोलीस ठाण्यात जबाब तुम्हाला द्यावा लागतो. सामान बँकेने हलवावं किंवा यादीवर कर्जदाराची सही घ्यावी, असा आग्रह धरा. प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करा, मीटरचं रीडिंग टिपा आणि त्याच दिवशी कुलूप बदला. महिनोन् महिने बंद घरात नळ एकदम पूर्ण सोडू नका. आधी टाकीकडून येणारा कॉक अर्धा उघडून गळती बघा, नाहीतर खालच्या मजल्याशी ओळख भांडणाने व्हायची.

सोसायटीकडे सदस्यत्वाचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पोच घेऊन द्या. हस्तांतर शुल्क महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘देणगी’ मागितली तर लेखी मागा म्हणावं, बहुतेकदा विषय तिथेच संपतो. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याने सदस्यत्व मिळाल्याचं मानलं जातं.

लिलावाआधीची वाट: एकरकमी तडजोड

अमेरिकेत शॉर्ट सेल म्हणतात, म्हणजे कर्जापेक्षा कमी किमतीत मालकानेच बँकेच्या संमतीने घर विकायचं, त्याच्या जवळचा आपल्याकडचा प्रकार म्हणजे ओटीएस, अर्थात एकरकमी तडजोड, करून केलेली विक्री. कर्जदार बँकेशी एकरकमी तडजोड करतो, पैसे खरेदीदार देतो आणि नोंदणीकृत खरेदीखत कर्जदार स्वतः करून देतो. घर त्यानेच रिकामं करून द्यायचं असल्याने ताब्याची कटकट कमी. वैताग येतो तो मंजुरीत. शाखा, विभागीय कार्यालय, समिती अशी फाइल फिरते आणि कोणी तारीख सांगत नाही. दोन बँकांचं कर्ज असलं की दुसरी बँक अडून बसते. समितीने आकडा वाढवून परत पाठवला की पुन्हा पहिल्यापासून वाटाघाट.

इथे काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मागणी नोटीस निघाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला घर विकता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी केलेला नुसता साठेखत-करार तुम्हाला वाचवणार नाही. ओटीएस मंजुरीपत्र स्वतः पाहा. त्यात रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि तारीख चुकली तर तडजोड रद्द ही अट असते. टोकन कमीत कमी ठेवा. पुढचे सगळे पैसे थेट कर्ज खात्यात भरा, कर्जदाराच्या हातात एक रुपया नको. खरेदीदार म्हणून तुमचं नाव असलेलं बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. कर्जदार, बँक आणि तुम्ही असा त्रिपक्षीय करार करायला बँक तयार असेल तर सर्वांत चांगलं. ‘हातात वरचे पाच लाख रोख द्या, मग घर सोडतो’ ही मागणी शेवटच्या आठवड्यात येते, हे गृहीत धरून किल्ली आणि खरेदीखताची सही एकाच दिवशी ठेवा.

कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोड पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उठवायचा, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ही भरपाई कर्जदाराच्या नावे असते आणि कागदही त्यालाच दिले जातात. म्हणून कागद थेट तुमच्या ताब्यात द्यावेत असं कर्जदाराचं अधिकारपत्र, रकमेचा शेवटचा हप्ता भरण्याआधीच, बँकेच्या फाइलला लावून पोच घ्या.